स्वस्तातली तलवार: आधी मूठ बघा, मग पातं

शिवजयंती जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो: स्वस्तातली तलवार टिकेल का?

भिंतीवर लावायची असेल तर टिकेल. मर्दानी खेळात फिरवायची असेल, तर चकाकी विसरा आणि मूठ बघा. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, त्याला टँग म्हणतात. स्वस्त प्रतिकृतीत तिथे बरेचदा बारीक सळई वेल्ड केलेली असते. फिरवताना सगळा ताण त्याच सांध्यावर. तो तुटला, की पातं सुटून समोरच्याच्या अंगावर! जुन्या तलवारींची टँगही आखूडच असायची, लाखेनं बसवलेली. पण ती पात्याच्याच अखंड पोलादाची.

आता पोलाद. स्टेनलेस सहसा गंजत नाही, शोभेला उत्तम. पण लांब पात्यात ठिसूळ ठरतं. कार्बन स्टील तेलपाणी मागतं, पण पाणी नीट दिलेलं असेल तर थोडं वाकून परत सरळ होतं. १०४५ असा आकडा दिसला तर कार्बन साधारण ०.४५ टक्के, पाणी कसं दिलंय, हे मात्र त्यावरून कळत नाही.

दुकानात मूठ घट्ट धरून हलका झटका द्या. खडखड आली, तर खाली ठेवा. आणि टँगबद्दल विचारल्यावर दुकानदार नुसतं "एकदम कडक माल आहे" म्हणाला, तर ती भिंतीचीच समजा.