डोलवीत खोल्या भाड्याने देताय? नोटरीचा कागद, ठेकेदाराचा करार आणि रिकामे महिने. आधी हे समजून घ्या

पेण तालुक्यातल्या डोलवी, गडब, वडखळ पट्ट्यात घरामागे दोन-चार खोल्या काढून भाड्याने देणं हा आता शेतीइतकाच नेहमीचा जोडधंदा झाला आहे. कारण उघड आहे. धरमतर खाडीकाठचा पोलाद कारखाना. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने 'इस्पात'चा ताबा घेत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर इथली क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत वर्षाला १ कोटी टनांवर गेली. पुढचा टप्पा दीड कोटी टनांचा आहे. असं काम सुरू असताना वेल्डर, फिटर, रिगर, सुपरवायझर अशी माणसं देशभरातून येतात आणि त्यांना सर्वात आधी खोली लागते.

मागणी आहे म्हटल्यावर खोली चार दिवसांत जाते. कागद मात्र मागे राहतो. बहुतेक घरमालकांकडे असतो तो ११ महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला आणि नोटरीचा शिक्का मारलेला कागद. काहींकडे तोही नसतो, फक्त आधार कार्डाची झेरॉक्स असते. अडचण नेमकी इथून सुरू होते.

नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली का?

नाही. नोटरीसमोर सह्या झाल्या एवढंच त्या शिक्क्याने दिसतं. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाकडे किंवा राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन ई-नोंदणीत.

११ महिन्यांचा आकडा आला कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर पळवाट म्हणून ११ महिने रूढ झाले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने ती पळवाट बंद केली. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मोठा फटका दुसराच आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर भाडं किती ठरलं, कोणत्या अटीवर ठरलं, याबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं घरमालकावर येतं. याउलट नोंदणीकृत 'लिव्ह अँड लायसन्स' करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर अडून बसलेल्या माणसाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

इथे गावातल्या घरमालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो, सरसकट प्रत्येक गावाला नाही. पेण शहरातला फ्लॅट आणि ग्रामपंचायत हद्दीतली खोली यांना एकच नियम लागेल असं गृहीत धरू नका. तुमची मिळकत त्यात येते का, हे पेणमधल्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या. येत नसेल तर कलम २४ चा जवळचा रस्ता मिळत नाही, नेहमीच्या दिवाणी न्यायालयात जावं लागतं. आणि तिथे तर नोंदणीकृत करारासारखा दुसरा पुरावा नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तर तेच, नोंदणी करा.

खर्च किती?

लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मोजताना पूर्ण मुदतीचं भाडं घ्यायचं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं.

समजा, भाडं १०,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० आणि करार तीन वर्षांचा आहे. भाडं झालं ३,६०,०००, त्यात डिपॉझिटवरचं मानीव व्याज ९,०००. एकूण ३,६९,००० वर ०.२५ टक्के म्हणजे साधारण ९२३ रुपये. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, नगरपालिका-महापालिका हद्दीत १,०००. एजंट आपले पैसे वेगळे घेतो, तो भाग सोडा. ई-नोंदणीत दोन्ही पक्षांचं आधार, पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. भाडेकरूचं आधार ओडिशाच्या किंवा बिहारच्या पत्त्यावर असलं तरी अडत नाही.

करार कोणाशी, कामगाराशी की ठेकेदाराशी?

या पट्ट्यात सर्वात जास्त घोळ इथे होऊ शकतो. ठेकेदार चार खोल्या एकदम घेतो, भाडं तोच देतो आणि राहतात मात्र त्याची माणसं. सहा महिन्यांनी काम संपतं, ठेकेदार दुसऱ्या साइटवर जातो आणि खोलीत अशी चार माणसं उरतात ज्यांच्याशी तुमचा काहीच करार नाही.

म्हणून पैसे जो देणार, करार त्याच्या किंवा त्याच्या फर्मच्या नावाने करा. फर्मची जीएसटी आणि पॅनची प्रत घ्या. प्रत्यक्ष राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात लिहा, एका खोलीत जास्तीत जास्त किती माणसं तेही लिहा. माणूस बदलला तर ठेकेदाराने लेखी कळवायचं, ही अट असूच द्या. डिपॉझिट कमी घेऊन भाडं वाढवून देण्याची ऑफर आली तर आमचं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. ठेकेदाराच्या बाबतीत डिपॉझिट हीच तुमची खरी सुरक्षा.

ठेकेदार जीएसटी नोंदणीकृत असेल आणि खोली राहण्यासाठी घेतली असेल, तर १८ जुलै २०२२ पासून त्या भाड्यावरचा जीएसटी त्यानेच भरायचा असतो. तो तुमच्या भाड्यातून कापून घेऊ देऊ नका. फर्मकडून महिन्याला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भाडं येत असेल तर मात्र टीडीएस कापला जाईल. तो विवरणपत्रात दाखवून हिशेबात घेता येतो.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही ठेकेदारावर सोडू नका. राहणाऱ्या प्रत्येकाची माहिती घरमालकाने पोलीस ठाण्यात द्यायची किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरायची. जिल्हा प्रशासन वेळोवेळी याचे मनाई आदेश काढतं, आणि ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. पोच घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

'बारा वर्षं राहिला तर मालक होतो' हे खरं?

भाडेकरूच्या बाबतीत नाही. १९६३ च्या मुदत कायद्यातली १२ वर्षांची तरतूद मालकाच्या हक्काला नाकारून, उघडपणे ठेवलेल्या ताब्याबद्दल आहे. भाडं देऊन राहणारा माणूस तुमच्या परवानगीने राहतो, त्यामुळे नुसत्या वर्षांच्या मोजणीने तो मालक होत नाही. पण ती परवानगी होती हे दाखवायला कागद आणि भाड्याच्या नोंदी लागतात. रोख भाडं घेऊन पावती न देणारा घरमालक स्वतःचाच पुरावा पुसतो. यूपीआयने घ्या.

आणि रागाच्या भरात कुलूप बदलणं, पाणी तोडणं, वायर काढणं नको. भाडे नियंत्रण कायद्यात आवश्यक सेवा तोडणं हा गुन्हा आहे. चूक भाडेकरूची असली तरी आरोपी तुम्ही होता.

परताव्याचं गणित

कर्ज काढून खोल्या बांधणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. समजा, चार खोल्यांना १६ लाख खर्च आला आणि भाडं प्रत्येकी ४,५०० आहे. महिन्याला १८,०००, वर्षाला २,१६,०००. परतावा साडेतेरा टक्के, मुदत ठेवीपेक्षा कितीतरी छान.

आता वर्षात तीन महिने खोल्या रिकाम्या धरा. भाडं उरलं १,६२,०००. घरपट्टी, रंग, मोटार, गळती यांचे २२,००० वजा केले की राहिले १,४०,०००, म्हणजे पावणेनऊ टक्के. यातले १० लाख १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी कर्जाऊ असतील तर हप्ता महिन्याला सुमारे १३,२१५, वर्षाला जवळपास १,५८,६००. म्हणजे त्या वर्षी १८,६०० रुपये खिशातून.

तीन महिने ही अतिशयोक्ती नाही. कारखान्याच्या बांधकामाला जेवढी माणसं लागतात, तेवढी तो चालवायला लागत नाहीत. टप्पा पूर्ण झाला की बाहेरची माणसं एकदम कमी होतात, आणि कुटुंबासह राहणाऱ्याला दहा बाय दहाची खोली नको असते. म्हणून चारऐवजी दोन खोल्या, पण प्रत्येकीला स्वतंत्र स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम, हा पर्याय आम्हाला जास्त टिकाऊ वाटतो. नागोठणे, धाटाव एमआयडीसी या रोहा तालुक्यातल्या औद्योगिक भागालाही हेच गणित लावून पाहता येईल.

विजेचाही विचार करा. पाच खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि बिल वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये जातं. स्वतंत्र मीटरला सुरुवातीला खर्च येतो, पण दर महिन्याची भांडणं वाचतात. पाण्याचंही तसंच. पेणच्या खारेपाटात टंचाई नवी नाही, त्यामुळे उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार ते करारातच लिहा.

घरपट्टी भरतो, मग बांधकाम कायदेशीर ना?

तसं होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. तो मालकीचा किंवा बांधकाम परवानगीचा पुरावा मानला जात नाही. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर खोल्या काढत असाल तर बिनशेती आणि बांधकाम परवानगी आधी पाहा. बँक कर्ज देताना हेच विचारते, आणि रस्ता रुंदीकरणात किंवा भूसंपादनात मोबदल्याचा प्रश्न येतो तेव्हाही हेच कागद मागितले जातात. सातबारा सामाईक असेल तर भाऊ-बहिणींची लेखी संमती घेतल्याशिवाय पाया खणू नका.

प्राप्तिकराचं म्हणाल, तर भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही' हा मेसेज २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यातून आला आहे. तो आपोआप लागू होत नाही, राज्याने स्वतःचा कायदा करावा लागतो. डिपॉझिट किती हे दोघांनी ठरवायचं. खोली देतानाचं मीटर रीडिंग, भिंती आणि नळांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या. खोली सोडताना किती रक्कम कापायची, हे त्यावरूनच ठरेल.