बारा जानेवारी : एक तारीख आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

माढा तालुक्यात, किंबहुना साऱ्या सोलापूर जिल्ह्यात, १२ जानेवारी हा दिवस राजमाता जिजाऊंची जयंती, स्वामी विवेकानंदांची जयंती आणि सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा बलिदान दिन अशा तिहेरी नात्याने पाळला जातो. एका तारखेवर इतके काही एकवटले की त्यामागे कोणाची तरी योजना असावी असे वाटू लागते, आणि त्या वाटण्यातून काही गैरसमज रूढ होतात.

त्यातला सर्वांत ठळक गैरसमज हुतात्म्यांविषयीचा आहे. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे पुतळे सोलापुरात आहेत, त्यांचे स्मरणही तेथेच होते, त्यामुळे त्यांना फाशीही सोलापुरातच झाली असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात सोमवार, १२ जानेवारी १९३१ रोजी ही फाशी पुण्याच्या येरवडा तुरुंगात देण्यात आली. मार्शल लॉ जारी असतानाच ती दिली गेली हा समजही खरा नाही. मार्शल लॉ म्हणजे मुलकी कारभार बाजूला सारून लष्कराच्या हाती सोपवलेला अंमल. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी सोलापुरात गोळीबार झाला, संतप्त जमावाच्या हातून पोलीस मारले गेले, काही दिवस शहरावर सरकारची सत्ताच उरली नाही, आणि १२ मे रोजी हा लष्करी अंमल सुरू झाला. तो ३० जूनला उठला. म्हणजे फाशी त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने झाली. शिवाय हा अंमल सोलापूर शहर आणि त्याच्या लगतच्या भागापुरता होता, सगळ्या जिल्ह्यावर नव्हे. माढा त्याच्या कक्षेबाहेर होते.

विवेकानंदांची जयंती साधूनच इंग्रजांनी हा दिवस निवडला, असेही कधी सांगितले जाते. या म्हणण्याला आधार नाही. १२ जानेवारीला ‘राष्ट्रीय युवा दिन’ म्हणून मान्यता मिळाली ती १९८४ मध्ये, आणि तो साजरा होऊ लागला १९८५ पासून. रामकृष्ण मठात तर आजही स्वामीजींची जयंती पौष कृष्ण सप्तमी या तिथीला होते आणि ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. आजच्या दिनदर्शिकेतले महत्त्व १९३१ च्या तुरुंगाधिकाऱ्यांच्या मनावर लादण्यात इतिहासाचा विपर्यास होतो.

जिजाऊंच्या तारखेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. सिंदखेडराजा येथील त्यांच्या जन्माची तिथी पौष पौर्णिमा, शके १५१९ ही मानली जाते आणि तिची तारीख १२ जानेवारी १५९८ अशी देतात. ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातील जुन्या कालगणनेची आहे. १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने सुधारलेल्या आणि आज जगभर रूढ असलेल्या ग्रेगोरियन गणनेत तोच दिवस २२ जानेवारी १५९८ ठरतो, कारण त्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. चंद्राच्या गणिताने याचा पडताळा घेता येतो: ग्रेगोरियन १२ जानेवारी १५९८ रोजी शुक्ल पक्ष जेमतेम पंचमीच्या आसपास पोचला होता, पौर्णिमेला अजून दहा दिवस होते. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही अशीच ज्युलियन असून ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च होतो. यात जन्मतिथी चुकली असे काही नाही. मात्र १८६३ मधील विवेकानंदांच्या जन्माची तारीख ग्रेगोरियन असल्याने, दोन्ही जन्म ‘एकाच तारखेचे’ ठरतात ते दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या वापरल्यामुळे, ही गोष्ट जयंतीच्या भाषणांतून सांगितली गेली पाहिजे.

चितगाव शस्त्रागारावरील छाप्याचे नेते सूर्य सेन यांनाही १२ जानेवारी १९३४ रोजीच फाशी झाली. तारखेची ही जुळणी योगायोगाची आहे. परंतु चितगावचा छापा एप्रिल १९३० चा आणि सोलापूरचा उठाव मे १९३० चा, दोन्ही एकाच पेटलेल्या वर्षातले, म्हणून त्यांचे नाते त्या वर्षात शोधावे, फाशीच्या तारखेत नव्हे.

तारीख जाणीवपूर्वक निवडल्याचे खरे उदाहरण सोलापूरलाच सापडते. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला होता. त्याची आठवण म्हणून गांधीजींनी मिठाचा कायदा मोडण्यासाठी १९३० मधील तोच दिवस ठरवला, आणि त्याच ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढवला गेला.