पानाच्या पाठीमागे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घोरपडी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात एक जास्वंद आहे. अम्मीनं लावलेली, लाल, पाच पाकळ्यांची. शेजारच्या काकू रोज पहाटे गणपतीसाठी तिची चार-पाच फुलं नेतात. अम्मी गेली, तरी हा शिरस्ता मोडला नाही. त्यामुळे त्या झाडाची निगा ही आमच्याकडे नुसती हौस नाही, दिलेला शब्द आहे.

काही वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, तिच्या शेंड्यांवर पिंजलेल्या कापसासारखं पांढरं काहीतरी दिसू लागलं. पानं आक्रसली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. मी घाबरलो. दुकानातून एक जहाल औषध आणलं आणि संध्याकाळी झाड न्हाऊ घातलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, पहाटे काकू येणार, फुलं नेणार, त्यांचा लहानगा नातू ती हाताळणार. साडेचारलाच उठून अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि काकूंना रिकाम्या हातानं परत पाठवलं. इतकं करून पंधरवड्यात ती पांढरी कीड पूर्वीपेक्षा जास्त जोमानं परतली.

हे का झालं, ते शेतकी शिकलेल्या एका मित्रानं भिंग लावून समजावलं. ती कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचं आवरण असतं, अंडीही मेणकट कापसात दडलेली असतात. औषध तिथवर नीट पोचत नाही. पण त्या गर्दीत काही अळ्या मोठ्या, चपळ आणि लांब पांढऱ्या झालरीच्या होत्या. हेच खरे गुन्हेगार, असं समजून मी त्यांच्यावर दोन फवारे जास्तच मारले होते. त्या होत्या क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या. पिठ्या ढेकूण हेच त्यांचं अन्न. दिसायला त्या ढेकणासारख्याच असतात, म्हणून फसगत होते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये तो मुद्दाम भारतात आणला गेला. मी चोर सोडला आणि पहारेकरी मारला.

म्हणून पहिला धडा ओळखीचा. सकाळच्या उजेडात पान उलटं करून पाहा, कारण बहुतेक किडींचा संसार पानाच्या पाठीमागे असतो. कोवळ्या शेंड्याला हिरवे किंवा काळे, मऊ, दाटीनं चिकटलेले जीव दिसले, तर तो मावा. फांदी हलवताच पांढरा भुगा उडाल्यासारखं वाटलं, तर पांढरी माशी. पाचरीच्या आकाराचे किडे तिरके चालत पळाले, तर तुडतुडे. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं आणि बारीक काड्यांसारखे जीव वळवळले, तर फुलकिडे. उन्हाळ्यात पानावर पिवळसर ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली, तर लाल कोळी. याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच. त्यामुळे कीटकांसाठीची पुष्कळशी औषधं त्याच्यावर चालत नाहीत.

पानं चिकट झाली, त्यावर काजळी धरली, मुंग्यांची रांग लागली, तर रस शोषणारी कीड आहे असं समजावं. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात. मुंग्या तो खातात आणि बदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावतात. आमच्या लहानपणी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, आठवतं? कुंडीच्या तिवईलाही तीच युक्ती करावी. फक्त पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावं, नाहीतर डास होतील.

दुसरा धडा, आधी हात, मग औषध. फार किडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकावेत. माव्यावर आणि कोळ्यावर पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पिठ्या ढेकूण जुन्या दात घासायच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढावेत. तरीही भागलं नाही, तर कडुनिंब आहेच. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, एक लिटर करावी. चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारावी. कडुनिंब कीड जागच्या जागी मारत नाही. तिची भूक मंदावते, वाढ खुंटते. म्हणून आठवड्यानं पुन्हा फवारावं आणि धीर धरावा. युरियाचा हात आखडता घ्यावा, कारण लुसलुशीत फुटवा म्हणजे माव्याला आमंत्रणच.

तिसरा धडा मित्रांचा. काळसर, नारिंगी ठिपक्यांची, बारीक मगरीसारखी अळी दिसली, तर मारू नका. ती ढालकिड्याची, म्हणजे आपल्या ठिपकेवाल्या लेडीबर्डची अळी आहे. केसासारख्या देठावर टेकवलेलं अंडं दिसलं, तर ते क्रायसोपाचं. त्याचीही अळी मावा खाते.

हे फक्त अंगणापुरतं नाही. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता इतर जिल्ह्यांत पसरला. डोक्याच्या वर गेलेल्या दाट उसात फवारणी करायची कशी? तेव्हा कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक शेतकऱ्यांच्या कामी आले. पुढे २००८ मध्ये तमिळनाडूत पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. तो महाराष्ट्रातही पोचला. तेव्हा २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्यांनी त्याला आवर घातला. शत्रू नवा असला, तरी त्याचा शत्रू कुठेतरी असतोच, तो शोधावा लागतो.

आमची जास्वंद वाचली. निम्म्या फांद्या छाटाव्या लागल्या, दोन महिने ब्रश चालवावा लागला. आजही एखाद्या शेंड्यावर थोडा कापूस दिसतो. मी भिंग घेऊन पाहतो. झालरवाली अळी दिसली, की हात मागे घेतो. आषाढात पहिलं फूल आलं, तेव्हा काकूंनी विचारलं, "आता न्यायला हरकत नाही ना?"

मी म्हणालो, "न्या की. फक्त पान उलटून बघा, कुणी राहत असेल तर त्याला धक्का लावू नका."