वेळापत्रकातली खिडकी

ऑगस्ट 2025मध्ये वॉशिंग्टन-बोस्टन मार्गावर नवी अ‍ॅसेला ही वेगवान गाडी धावू लागली आणि ताशी 257 किलोमीटरचा आकडा सगळीकडे मिरवला गेला. वेगाचे कौतुक जरूर व्हावे. पण प्रवासी केवळ वेगासाठी रेल्वेकडे वळतो हे गृहीतक 1950च्या दशकातल्या अमेरिकी वेळापत्रकांपुढे टिकत नाही. त्या घडीच्या पत्रकांत बारीक टायपातले रकाने असत: मधोमध स्थानकांची नावे, जातानाच्या वेळा वरून खाली वाचायच्या, परतीच्या खालून वर आणि दुपारनंतरच्या वेळा ठळक ठशात. त्यांच्याच सोबतीला चित्रे: डब्याच्या छतावरच्या काचेच्या घुमटात बसलेले प्रवासी, बाहेर डोंगर. ही चित्रे उरलेली जागा भरण्यासाठी नव्हती. आकड्यांमागचा हेतू तीच सांगत.

याचा भक्कम पुरावा म्हणजे शिकागो-ओकलंड ‘कॅलिफोर्निया झेफिर’. तीन कंपन्यांनी मिळून 20 मार्च 1949 रोजी सुरू केलेली ही गाडी सुमारे 50 तास घेई. स्पर्धक ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ साधारण 40 तासांत पोचे. झेफिर चालवणाऱ्या कंपन्यांनी हे दहा तास लपवले नाहीत, विकले. दोन्ही दिशांना रॉकी पर्वत आणि फेदर नदीची घळ दिवसाउजेडी लागावी, अशाच वेळा त्यांनी बांधल्या. घुमटाचे चित्र जे आश्वासन देई, ते शेजारचा रकाना पाळी.

यावर कुणी म्हणेल, चित्रांनी रेल्वे कुठे वाचली? झेफिर 1970मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी बहुतेक कंपन्यांच्या प्रवासी गाड्या अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीकडे गेल्या. खरे आहे, पण 1956च्या महामार्ग कायद्याला, 1959पासून किनाऱ्या-किनाऱ्यांना जोडणाऱ्या जेट विमानांना आणि 1967मध्ये हातून गेलेल्या टपाल वाहतुकीच्या उत्पन्नाला कोणती जाहिरात पुरी पडणार होती? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सांता फे रेल्वेच्या जाहिरातींतला ‘चिको’ हा मूलनिवासी मुलगा म्हणजे एका जिवंत समाजाचे शोभेच्या वस्तूत केलेले रूपांतर होते. त्याचे समर्थन करता येणार नाही आणि करूही नये. मात्र त्यामुळे मूळ मुद्दा ढळत नाही: वाटेत काय दिसेल हेही प्रवाशाला आधी कळायला हवे.

मुंबई-गोवा आणि मुंबई-पुणे मार्गांवर आज काचेच्या छताचे व्हिस्टाडोम डबे धावतात. आपल्या रेल्वेने वेळापत्रकात एवढे तरी छापावे: कोणता घाट कोणत्या गाडीला उजेडात लागतो.