एक भूमिका, अनेक नट आणि आमच्या ओसरीवरचा वाद

माणसे कशावरून भांडतील ह्याचा नेम नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी लग्न होते. त्यासाठी माझे चुलत आजोबा, त्यांचे चिरंजीव म्हणजे माझे काका, आणि काकांची अकरावीत शिकणारी मुलगी असे तिघे लंडनहून आले होते. मांडव उतरला, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी हे तिघे ओसरीवर बसून तावातावाने भांडू लागले. मला वाटले, वडिलोपार्जित जमिनीचे काही निघाले असावे. पाहतो तर वाद होता तो 'खरा डॉक्टर कोण?' ह्यावर! आजोबा म्हणत होते पॅट्रिक ट्राउटन, काका म्हणत होते टॉम बेकर, आणि बहीण म्हणत होती जोडी व्हिटेकर.

वाचकहो, हा डॉक्टर औषध देणारा नव्हे. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथांची दूरचित्रवाणी मालिका. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी दाखवला गेला. त्या धामधुमीत तो अनेकांनी पाहिला नाही, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवावा लागला. अशा अपशकुनाने सुरू झालेली ही मालिका १९८९ पर्यंत चालली. मग १९९६ मधला एक चित्रपट सोडला तर खंड पडला, आणि २००५ साली ती पुन्हा उभी राहिली. आपल्याला कौतुक वाटावे अशी एक गोष्ट म्हणजे तिच्या पहिल्या चार भागांचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे १९३८ साली लखनौत जन्मलेले.

कथानायक डॉक्टर हा परग्रहावरचा. त्याला दोन हृदये आहेत, आणि बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखे दिसणारे 'टार्डिस' नावाचे यान घेऊन तो काळातून आणि अवकाशातून हिंडतो. पण वादाचे मूळ ह्या यानात नाही. ते आहे एका आजारपणात.

पहिला डॉक्टर झाले विल्यम हार्टनेल. चित्रपटांत खडूस फौजी सार्जंट रंगवणाऱ्या ह्या नटाने तिरसट पण मायाळू आजोबा उभा केला. १९६६ पर्यंत त्यांची प्रकृती ढासळली. संवाद पाठ राहीनात. मालिका तर जोरात चाललेली. एरवी अशा वेळी दोनच वाटा असतात : नाटक बंद करायचे, किंवा दुसरा नट उभा करून 'हाच तो' असे प्रेक्षकांना गुपचूप मानायला लावायचे. मालिकेच्या लोकांनी तिसरी वाट काढली. ऑक्टोबर १९६६ मध्ये थकलेला डॉक्टर यानात कोसळला, आणि पडद्यावरच त्याच्या चेहऱ्याच्या जागी दुसरा चेहरा आला. परकायाप्रवेश आपल्याला कथापुराणांतून ठाऊक आहे. तिथे जीव दुसऱ्याच्या देहात शिरतो. इथे जीव तोच, देहच नवा. ह्याला कायापालट म्हणावे.

ह्यात आणि आपल्या रंगभूमीवरच्या परंपरेत एक महत्त्वाचा फरक आहे. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागू, दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त असे अनेक समर्थ नट गणपतराव बेलवलकर झाले, आणि कोणाचा बेलवलकर मोठा ह्यावर जुने रसिक आजही हमरीतुमरीवर येतात. पण तिथे माणूस एकच, त्याचे वाचन निरनिराळे. डॉक्टरच्या बाबतीत बदल हा कथेचाच भाग आहे. नवा डॉक्टर जुन्यासारखा वागला तर उलट चुकले! त्यामुळे 'कोणी भूमिका उत्तम केली' एवढ्यावर वाद थांबत नाही. 'ही भूमिका म्हणजे मुळात काय, हे कोणी ठरवले' असा तो प्रश्न होतो. मला ह्या वादात गोडी वाटली ती इथे.

आता पक्ष पाहू.

पहिला पक्ष आद्यत्वाचा. हार्टनेल नसते तर मालिकाच नसती. पुढचे सारे त्यांचे वारसदार. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. पण जो पहिला तोच प्रमाण असे मानले तर नंतरच्यांनी नुसती नक्कलच करायची काय?

दुसरा पक्ष लोकप्रियतेचा. काका त्याचे खंदे पुरस्कर्ते. टॉम बेकर १९७४ ते १९८१ अशी सात वर्षे डॉक्टर होते. पडद्यावर इतका दीर्घ काळ सलग कोणीच टिकले नाही. ही भूमिका मिळाली तेव्हा ते एका इमारतीच्या बांधकामावर काम करीत होते. कुरळे केस, मोठे डोळे आणि गुडघ्यांखाली लोळणारा रंगीबेरंगी गळपट्टा हे रूप जगभर पोचले ते त्यांचे. त्या गळपट्ट्याची कथाही गमतीची. वेशभूषाकाराने विणणाऱ्या बाईंकडे निवडीसाठी भरपूर लोकर दिली. बाईंनी सगळीच विणून टाकली! काकांनी आणखी एक पुरावा फेकला : १९७९ साली बेकरच्या 'सिटी ऑफ डेथ' ह्या कथानकाचा शेवटचा भाग सुमारे १ कोटी ६० लाख लोकांनी पाहिला. आकडा खरा आहे. पण त्या दिवसांत प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती, हेही खरे. गावातले दुसरे दुकान बंद असताना आपल्या दुकानात गर्दी झाली तर ती सगळीच मालाच्या गुणाने झाली असे म्हणता येत नाही. बेकर मोठेच नट; पण आकडा हा त्यांचा चांगला साक्षीदार नव्हे.

तिसरा पक्ष पुनरुज्जीवनाचा. २००५ साली क्रिस्टोफर एकल्स्टन यांनी एकाच हंगामात तेरा भाग करून मेलेली मालिका उठवली, आणि डेव्हिड टेनंट यांनी तिला नव्या पिढीच्या गळ्यातला ताईत केले. टेनंट लहानपणापासून ह्या मालिकेचे वेडे. पुढे पाचव्या डॉक्टरची भूमिका करणाऱ्या पीटर डेव्हिसन यांचे ते जावई झाले. एका डॉक्टरचा जावई दुसरा डॉक्टर, असे नाते नाटकात लिहिले तर परीक्षक ओढूनताणून आणलेले म्हणतील.

चौथा पक्ष उघड भावनेचा, आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक. चाहते 'माझा डॉक्टर' असा शब्द वापरतात, म्हणजे ज्याच्यापासून आपण पाहू लागलो तो. माझी बहीण नऊ वर्षांची असताना, २०१८ साली, जोडी व्हिटेकर डॉक्टर म्हणून अवतरल्या. ही मुख्य भूमिका करणारी ती पहिली स्त्री. त्यावर इंग्लंडात गदारोळ झाला. बहिणीला तो कळलाच नाही. तिच्या लेखी डॉक्टर ही बाईच होती. त्याच वर्षी १९४७ च्या फाळणीवरचा पंजाबातला भाग आला. तो घरात सगळ्यांनी एकत्र पाहिला आणि त्या दिवशी कोणी कोणाशी भांडले नाही, असे ती म्हणाली.

उरले आजोबा. ते जानेवारी १९६८ मध्ये चोविसाव्या वर्षी लंडनला गेले. घरमालकिणीच्या दिवाणखान्यात शनिवारी संध्याकाळी त्यांनी 'द वेब ऑफ फिअर' पाहिले : लंडनच्या भुयारी रेल्वेत चक्क हिमालयातले हिममानव! देश सोडून आलेल्या माणसाला हिममानव ओळखीचा वाटला. ढगळ विजारीचा, बासरी फुंकणारा ट्राउटन त्यांचा डॉक्टर झाला. पण पुढे कित्येक वर्षे ह्या वादात आजोबांची बाजू लंगडी राहिली, कारण त्यांच्याजवळ दाखवायला काही नव्हते. त्या काळी चित्रफिती महाग आणि जुन्या भागांना मोल नाही, म्हणून बीबीसीने त्या पुसून टाकल्या. ट्राउटन यांचे पहिले सहा भागांचे कथानक तर पूर्णच नाहीसे झाले. उरला तो चाहत्यांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज.

मग २०१३ साली नवल घडले. परदेशी प्रक्षेपणासाठी पाठवलेल्या प्रतींपैकी नऊ हरवलेले भाग नायजेरियातल्या जोस शहरात सापडले, आणि त्यांत 'वेब ऑफ फिअर' बहुतांश होते. पंचेचाळीस वर्षांनी आजोबांनी ते पुन्हा पाहिले. मी विचारले, "आठवत होतं तसंच होतं का?" ते हसून म्हणाले, "नाही रे. मला वाटत होतं, तो प्रत्येक प्रसंगात होता. दुसऱ्या भागात तर तो नाहीच! सुट्टीवर गेला होता म्हणे. आणि जिथे आहे तिथेही पुष्कळदा बाजूला उभा राहून दुसऱ्याचं ऐकतो आहे." काका लगेच म्हणाले, "म्हणजे तुमची साक्ष बाद!"

मला मात्र उलट वाटते. जो नट नसलेल्या प्रसंगातही असल्यासारखा वाटतो, त्याने भूमिका व्यापली म्हणायची. पण हा झाला स्मरणाचा पुरावा. मला अधिक तर्काचा हवा होता. म्हणून मी एक कसोटी लावून पाहिली : मालिकेतून एकेक नट वजा करा, आणि भूमिकेचे काय होते ते पाहा. बेकर वजा केले तर तिचे वैभव जाते, ती जात नाही. टेनंट वजा केले तर नवे चाहते कमी होतात. हार्टनेल वजा केले तर आरंभच नाही. पण हार्टनेल एकटेच राहिले असते तर डॉक्टर ही एका नटाची व्यक्तिरेखा ठरून त्यांच्याबरोबर संपली असती. ट्राउटन वजा केले की पुढचा एकही उरत नाही. १९६६ साली प्रेक्षकांनी त्यांना नाकारले असते तर कायापालटाची युक्ती तिथेच फसली असती. पहिल्याची नक्कल न करता, पूर्ण वेगळे होऊन, तरी तोच वाटणे हे ह्या भूमिकेचे लक्षण त्यांनी घालून दिले. त्यांच्या पहिल्या कथानकात सोबतीसुद्धा 'हा तोच का?' म्हणून साशंक असतात, आणि त्याला ओळखतो कोण, तर डॅलेक, म्हणजे त्याचा हाडवैरी! पालखी एकच असते, भोई बदलतात. पण खांदा बदलताना पालखी खाली पडत नाही हे पहिल्यांदा दाखवतो तो दुसरा भोई.

हे मी एवढ्या आवेशाने का लिहितो आहे, ते आता कबूल करतो. गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या एकांकिकेतली म्हाताऱ्याची भूमिका माझ्याकडे आली. आदल्या वर्षी ती आमच्या एका वरिष्ठ मित्राने गाजवली होती. मी तालमीत त्याचा खोकला उचलला, चाल उचलली, टाळ्या मिळवणारे थांबेही उचलले. आमचे सर म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण तू कुठे आहेस?" त्या रात्री मला झोप लागली नाही. ओसरीवरचा वाद त्याच आठवड्यातला. दुसऱ्या दिवशी मी खोकला टाकून दिला. प्रयोग फार रंगला असे नाही. मागच्या रांगेतून 'गेल्या वर्षीची मजा नाही' हे वाक्यही स्पष्ट ऐकू आले.

आजोबा प्रयोगाला आले होते. परत जाताना मी त्यांना भीत भीत विचारले, "कसा झाला?" ते म्हणाले, "आधीच्याने कसा केला ते मला काय ठाऊक? मी पाहिलेला पहिला म्हातारा तूच."