केबिन फिल्टर केव्हा बदलावा?

मोटारीच्या इंजिनाची हवा गाळणारा फिल्टर वेगळा आणि आत बसलेल्या मंडळींच्या श्वासासाठी योजिलेला केबिन फिल्टर वेगळा, ही गोष्ट पुष्कळ मालकांच्या ध्यानी सर्व्हिसिंगचे बिल वाचतानाच प्रथम येते. साधारण दंडक असा, की १५,००० ते २०,००० किलोमीटर धाव झाल्यावर किंवा वर्ष उलटल्यावर, यांपैकी जे अगोदर घडेल तेव्हा, तो बदलावा. तथापि अखेरचे प्रमाण गाडीसोबतच्या पुस्तिकेतील कोष्टकच मानावे, आणि ज्याची गाडी नित्य बांधकामांच्या धुरळ्यातून जाते त्याने निम्म्या मुदतीतच तपासणी करणे इष्ट.

ही तपासणी पुष्कळ गाड्यांत घरच्या घरी होते: चालकाशेजारच्या आसनापुढील खण रिकामा करून, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरविला, की मागे एक आडवे झाकण दिसते, व ते काढताच घड्याघड्यांची पांढरी चौकट बाहेर येते, पांढरी अर्थात नवी असताना, कारण वापरलेल्या घड्यांत काळी धूळ, वाळकी पाने, क्वचित मेलेले किडेही आढळतात. एसीचा झोत क्षीण होणे, कुबट दर्प येणे, पावसाळ्यात काचांवरचे बाष्प लवकर न हटणे, हीही फिल्टर तुंबल्याचीच लक्षणे असू शकतात.

कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर मला मुळीच मंजूर नाही. त्याचे तंतू विस्कटतात आणि ओल राहिल्यास बुरशी धरते. सक्रिय कोळशाच्या फिल्टरची दर्प शोषण्याची शक्ती सरल्याचे तर डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून तेथे मुदतच पाळावी. नवा बसविताना कडेवरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावा.