सिग्नल पोहोचला, पण व्हॉल्व्ह हलला का?

बोईसर-तारापूर एमआयडीसीत रसायनांचे, औषधांचे आणि कापडाचे कारखाने दाटीने उभे आहेत. त्यांतल्या अनेकांच्या रिॲक्टरना आणि ड्रायरना वाफ लागते आणि ती ठरलेल्या दाबानेच लागते. बॉयलरकडून येणारा दाब उतरवतो तो प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि त्याला मोटरच्या जोरावर हलवतो तो इलेक्ट्रिक ॲक्चुएटर. त्याच्या कॅलिब्रेशनबद्दलचे गैरसमज बॅच बिघडवतात, कधी माणसाच्या जिवावरही बेततात. म्हणून ते एकेक करून तपासूया.

गैरसमज : ॲक्चुएटर कंपनीतून कॅलिब्रेट होऊनच येतो, नुसता बसवायचा.
वस्तुस्थिती : प्रत्येक व्हॉल्व्हचा स्ट्रोक, सीट आणि कपलिंगची बसणी वेगळी असते. त्यामुळे झिरो आणि स्पॅन व्हॉल्व्हवर बसवल्यानंतरच ठरतात. बंद होताना मोटर लिमिटवर थांबवायची की टॉर्कवर, हे व्हॉल्व्ह बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत पाहावे.

गैरसमज : ऑटो-कॅलिब्रेशनचे बटण दाबले की काम संपले.
वस्तुस्थिती : या सोयीत ॲक्चुएटर दोन्ही टोकांना जाऊन अडतो आणि ती टोके लक्षात ठेवतो. सीटवर वेल्डिंगचा कण किंवा गंजाचा पापुद्रा अडकला असेल, तर ॲक्चुएटर त्या अडथळ्यालाच ‘पूर्ण बंद’ मानतो. म्हणून आधी लाइन वेगळी करून, दाब उतरवून, परमिट घेऊन हँडव्हीलने पूर्ण स्ट्रोक फिरवून पाहावा.

गैरसमज : १२ मिलिअँपिअर म्हणजे निम्मा दाब.
वस्तुस्थिती : ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये १२ म्हणजे साधारणपणे निम्मा स्ट्रोक. ५०:१ रेंजेबिलिटीच्या इक्वल पर्सेंटेज व्हॉल्व्हमध्ये, व्हॉल्व्हवरचा दाबफरक कायम धरला, तर निम्म्या स्ट्रोकला प्रवाह कमाल प्रवाहाच्या १४ टक्क्यांच्या आसपासच असतो. पुढचा दाब किती राहील, हे वाफेच्या मागणीवरही ठरते.

गैरसमज : स्क्रीनवर ‘बंद’ दिसले म्हणजे व्हॉल्व्ह बंद.
वस्तुस्थिती : २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. कंट्रोल रूममधला दिवा मात्र फक्त बंद होण्याचा आदेश गेल्याचे दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ शीतकरणाचे पाणी वाहून गेले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. तारापूरच्या अणुवीज केंद्राशेजारी काम करणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. इलेक्ट्रिक ॲक्चुएटरचा फीडबॅकही बहुधा त्याच्या गिअरपाशीच मोजला जातो. कपलिंग सैल असेल, तर आकडा बदलतो पण स्टेम जागचा हलत नाही. म्हणून ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर हे पाच बिंदू चढत्या आणि उतरत्या क्रमाने द्यावेत आणि प्रत्येक वेळी स्टेमवरची खूण डोळ्यांनी वाचावी.

गैरसमज : दाब खालीवर होतोय, म्हणजे कॅलिब्रेशन बिघडले.
वस्तुस्थिती : व्हॉल्व्हच्या स्टेमचा ग्लँड जास्त आवळलेला असू शकतो, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा असू शकतो किंवा कंट्रोलरचे ट्यूनिंग चुकलेले असू शकते. कंट्रोल रूमला कळवून कंट्रोलर मॅन्युअलवर टाकावा. दाब स्थिरावला, तर दोष त्याच कंट्रोल लूपमध्ये आहे. हेलकावे तसेच राहिले, तर कारण बाहेर शोधावे. प्रेशर ट्रान्समीटर वेगळा तपासावा, कारण तोच चुकला असेल तर बाकी सारी मेहनत वाया.

गैरसमज : लाइट गेली की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो.
वस्तुस्थिती : स्प्रिंग किंवा बॅटरीची सोय नसलेला इलेक्ट्रिक ॲक्चुएटर बहुधा होता तिथेच थांबतो. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतंत्र असतो आणि कंट्रोल व्हॉल्व्ह त्याची जागा घेऊ शकत नाही.

समुद्राची खारी हवा आणि पावसाळा यांमुळे इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. ॲक्चुएटरचा केबल ग्लँड घट्ट आहे का, झाकणाचे सील शाबूत आहे का आणि आतला हीटर चालू आहे का, हे दरवेळी पाहावे. शेवटी नोंदवहीत ‘कॅलिब्रेशन केले, ठीक आहे’ एवढेच लिहू नये. काम सुरू करताना सापडलेले आणि काम संपताना सोडलेले, असे दोन्ही आकडे पाचही बिंदूंसाठी लिहावेत. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह कुठे आणि किती सरकला, हे त्याच आकड्यांवरून कळते.